मे महिन्यातला डोंगर, रानफुलं आणि आमचा मोत्या

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, कुरडया-पापड वाळून डब्यात गेले, की घराघरांत एकच प्रश्न निघतो, “यंदा सुट्टीत कुठं जायचं?” आमच्याकडेही तो निघाला. माहेरी जाऊन आलो होतो, लांबच्या प्रवासाचा खर्च झेपणारा नव्हता, आणि मुलं तर घरात भिंतींवर चढायची बाकी होती. तेव्हा गच्चीवर वाळवण गोळा करताना माझी नजर पूर्वेकडे गेली आणि मी म्हटलं, “एवढे डोंगर दाराशी उभे आहेत, त्यांतला एक तरी आपण नीट पाहिलाय का?”

आम्ही पनवेलकर तसे भाग्यवानच, बरं का! दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. पूर्वेकडे प्रबळगडाचा लांबरुंद माथा, त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका, त्याच्या पलीकडे इर्शाळगड आणि मागं माथेरानचं पठार. रोज कपडे वाळत घालताना हे सगळं दिसतं, आणि रोज दिसतं म्हणूनच आपण तिकडे फिरकत नाही.

“पण मे महिन्यात डोंगरावर असतं काय?” असं तुम्ही म्हणाल. रानफुलं म्हटली की आपल्याला सप्टेंबरातलं कासचं पठार आठवतं. थंड देशांत बर्फ वितळला की उन्हाळ्यात डोंगरउतार फुलतात. आपल्या हिमालयातली फुलांची दरीसुद्धा जुलै-ऑगस्टमध्येच भरात असते. आमच्या सह्याद्रीचा उन्हाळा म्हणजे वाळलेलं गवत आणि काळा तापलेला कातळ. मलाही तसंच वाटायचं. पण शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, “अहो, पावसाळ्यातली फुलं जमिनीवर असतात, उन्हाळ्यातली झाडांवर. मान वर करून चाला म्हणजे दिसतील.” त्या एका वाक्यावर आमचा बेत ठरला.

आता मोत्याविषयी सांगायला हवं. मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचारू नका. चार वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली कुडकुडत बसला होता, तो आमचाच झाला. “मोत्या नाही तर मी नाही,” असं धाकटीनं जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या उन्हात त्या मुक्या जिवाला कशाला नेता?” तर थोरला म्हणतो कसा, “आजी, युधिष्ठिरानं कुत्र्याशिवाय स्वर्गातसुद्धा जायला नकार दिला होता, तूच सांगितलंस ना?” सासूबाई निरुत्तर झाल्या. निदान आम्हांला तसं वाटलं.

कर्नाळ्याला जायचं मनात होतं, पण ते पक्षी अभयारण्य. १९६८ साली स्थापन झालेलं, पुढं २००३ मध्ये त्याचं क्षेत्र वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेलं. तिथं कुत्रा नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पाखरांच्या घरी कुत्र्याला पाहुणा म्हणून कसं न्यायचं? तेव्हा प्रबळगड ठरला. पनवेलहून जुन्या पुण्याच्या रस्त्यानं शेडुंगच्या फाट्याला वळायचं, की ठाकूरवाडी येते. तिथून पायवाटेनं दीड-दोन तासांत प्रबळमाची. प्रबळगडाच्या पोटाशी ही ठाकरांची वस्ती आहे. गडाची उंची सुमारे २३०० फूट. गडाचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत हाही होता. आम्हांला गडावर जायचंच नव्हतं. माचीपर्यंत जायचं, पिठलं-भाकरी खायची आणि परतायचं, एवढाच बेत.

मैत्रिणींनो, इथंच आमची चूक झाली, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून तर हा सगळा प्रपंच. सहाला निघायचं ठरलं होतं. पण डबे भरता भरता, “टोपी कुठाय, पट्टा कुठाय” करता करता घरातच साडेआठ झाले. ठाकूरवाडीत गाडी लावली तेव्हा नऊ वाजून गेले होते. चौघांत पाण्याच्या चार बाटल्या. मोत्यासाठी वेगळं पाणी घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. “पिईल की आपल्यातलं,” असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली.

पहिला अर्धा तास मजेत गेला. मोत्या तर वेडाच झाला होता. पुढं पळायचा, परत यायचा, झुडपात नाक खुपसायचा. आम्ही एक मैल चाललो तर तो तीन मैल चालला असेल. मग सावली संपली. उघड्या धारेवरून वाट वर चढू लागली. कातळ काळा, त्यावर ऊन पांढरं. मुलांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. फुलं? खरं सांगते, पहिल्या दिवशी मी एकही फूल पाहिलं नाही. खाली मान घालून, पदर डोक्यावर घेऊन, “अजून किती राहिलं?” एवढंच विचारत मी चालले होते.

मोत्या आता पुढं पळत नव्हता. तो आमच्या पायांच्या सावलीत चालू लागला. आम्हांला कौतुक वाटलं, “कसा शहाण्यासारखा चालतोय बघा!” मग तो करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसला. हाक मारली की उठायचा, चार पावलं यायचा, पुन्हा बसायचा. जीभ हातभर बाहेर, लाळ चिकट झालेली. आणि एका वळणावर त्याचे मागचे पाय लटपटले आणि तो कलंडला. धाकटीनं फोडलेली किंकाळी अजून माझ्या कानांत आहे.

खाली जायला तास लागला असता. वर माची जवळ होती. ह्यांनी मोत्याला खांद्यावर टाकलं. वाटेत खडकात कोरलेले गणपती आणि मारुती लागतात. एरवी मी थांबून हात जोडले असते. त्या दिवशी चालता चालताच काय बोलायचं ते बोलले. पहिलं घर दिसलं, तिथं अंगणात शिरलो.

घरातली बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिनं एकदा मोत्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. काही विचारलं नाही. “सावलीला घ्या पहिलं,” म्हणाली. शेणानं सारवलेल्या पडवीत मोत्याला निजवलं. तिनं आतून हंडा आणला आणि तांब्यातांब्यानं पाणी त्याच्या पोटावर, काखेत, पंजांवर घालू लागली. मुलीला म्हणाली, “तू सुपानं वारा घाल.” मी घाईघाईनं त्याच्या तोंडात पाणी ओतायला गेले तर माझा हात धरला. “नाकात जाईल. आपुन होऊन पिईल तवा दे.” अर्धा हंडा संपला. मग उरलेला अर्धा. पंधरा-वीस मिनिटांनी मोत्यानं मान उचलली आणि वाटीतलं पाणी चाटलं. माझे तर पायच गळाले. तिथंच भुईवर बसले.

सगळे शांत झाले, तेव्हा धाकटीनं विचारलं, “मावशी, आता तुम्ही स्वयंपाक कशानं करणार?”

मी तो प्रश्न विचारला नव्हता. मोठ्या माणसांच्या लक्षातच आला नव्हता. बाई रिकाम्या हंड्याकडे बघून म्हणाली, “आता सांजच्याला जाईन परत.” आणि मग कळलं की मे महिन्यात माचीवर पाण्याची किती ओढ असते. जवळचं पाणी आटलेलं. खालच्या घळीत जे थोडं झिरपतं, तिथं बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि डोक्यावरून चढावर आणायचा. ती पहाटे अंधारात गेली होती. त्या एका हंड्यावर तिचा दिवस जायचा होता.

मी पर्स उघडली. तिनं चहाचे पैसे घेतले, हंड्याचे घेतले नाहीत. आणि मोठेपणानं नव्हे बरं का, चक्क रागानं म्हणाली, “पैशानं हंडा भरत नाय. परत आलात तर पानी घेऊन या.” मग मोत्याच्या डोक्यावर हात ठेवून, “त्याला बोलता येत नाय. तुमाला कळाया नको?”

बाराच्या उन्हात उतरणं शक्यच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिच्याच पडवीत बसलो आणि उन्हं कलल्यावर मोत्याला आळीपाळीनं उचलून खाली आणलं. रात्रीच जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं आणि मग आम्हांला चांगलं फैलावर घेतलं. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “युधिष्ठिराच्या मागं कुत्रा आपणहून गेला होता. तुम्ही पट्टा बांधून नेलात.”

तीन-चार दिवस घरात कुणी डोंगराचं नाव काढलं नाही. पण तो हंडा मनातून जाईना. शेवटी एका रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मोत्याला घरी सासूबाईंजवळ ठेवलं आणि पाणी घेऊन गेलो. ह्यांच्या पाठीवर दहा लिटर, माझ्या पाच, थोरल्याच्या तीन आणि धाकटीचा हट्ट म्हणून तिच्या दोन. वीस लिटर, म्हणजे साधारण एक हंडा! चार माणसांनी वाटून घेतलं तरी पहिल्या चढावरच खांदे भरून आले. पाण्याला वजन असतं हे मी पुस्तकातून शिकवलं होतं, उचललं त्या दिवशी.

या वेळी मात्र साडेचारला घर सोडलं. पाचला ठाकूरवाडी. आणि काय सांगू, तो डोंगर निराळाच होता! गार वारा, पाखरांचा कलकलाट. वाडीतून एक तांबूस कुत्रा आमच्या मागं लागला. कुणी बोलावलं नव्हतं. या वाटांवर असे कुत्रे नेहमी भेटतात. अनोळखी माणसांना वर नेतात, खाली आणून सोडतात. मी त्याला मुद्दाम न्याहाळत होते. तो धावत नव्हता. एका चालीनं पुढं जायचा, वळणावर नेमकी सावली गाठून बसायचा आणि आम्ही येईपर्यंत थांबायचा. आम्ही पोचलो की उठायचा. मनात म्हटलं, मोत्याला हे येत नाही याचा दोष मोत्याचा नाही. त्याला आम्ही फरशीवर वाढवला. डोंगर त्याला माहीत नव्हता आणि आम्हांलाही नव्हता. फरक एवढाच की निर्णय आमच्या हातात होता.

आणि त्या दिवशी फुलं दिसली! पायथ्याला बहावा, पिवळ्या झुंबरांनी नुसता लगडलेला. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असं जुनी माणसं म्हणतात. थोडं वर कुडा, पांढऱ्या फुलांचे घोस आणि मंद वास. हाच तो कुडा, ज्याचं पाळ आपल्या आज्या पोट बिघडलं की उगाळून द्यायच्या. मग एका वळणावर धाकटी ओरडली, “आई, फांदीलाच फुलं चिकटलीत!” ती अंजनी. बारीक निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीवर, जणू कुणी नीळ शिंपडलीय. गर्द चकचकीत पानं आणि तो निळा रंग. कुठल्याही पैठणीच्या काठाला लाजवील. माथेरानच्या जंगलातही ती अशीच फुलते. एका जुन्या झाडाच्या खोडावर सीतेची वेणी लोंबत होती, गुलाबी-पांढऱ्या फुलांची. नावसुद्धा किती गोड! ती तोडायचा मोह होतो, पण हे आमरीचं झाड वाढायला वर्षं लागतात. घरी आणून कुंडीत लावलं तर बहुधा मरतंच. डोळ्यांनी पाहा, फोटो काढा, हात लावू नका.

पळस, पांगारा आणि काटेसावर मात्र यावेळी संपलेले असतात. त्यांची लाल-केशरी होळी पाहायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिमग्याच्या सुमाराला यावं. मेमध्ये करवंदं पिकतात. वाडीतल्या पोरी पानांच्या द्रोणात घेऊन बसतात. घासाघीस करू नका हो! काट्यांतून एकेक करवंद वेचताना हाताचं काय होतं, ते एकदा स्वतः वेचून बघा. आणि वाटेभर दोन्ही अंगांना सुकल्यासारख्या काटक्या दिसतात ना, ती कारवी. सात वर्षांनी एकदाच फुलणारी. एरवी तिच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती इथल्या घरांना असतात.

माचीवर पोचलो तेव्हा सातही वाजले नव्हते. बाईनं आम्हांला ओळखलं, पण आमच्याआधी पाण्याचे कॅन पाहिले. हसली. मग विचारलं, “आनि तो?” “घरी आहे, बरा आहे,” म्हटलं. तिनं चहा ठेवला. आमच्याच पाण्याचा चहा आम्हांला दिला, असं मी म्हटलं तर म्हणाली, “आता माझं हाय ते.” पडवीत बसून नाचणीची भाकरी खाल्ली. समोर इर्शाळगड दिसत होता. थोरल्यानं विचारलं, “ती वाडी कुठं होती?” बाईनं त्या दिशेला बोट केलं, आणि पुढं काही बोलली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. तीही अशीच डोंगराच्या पोटाशी वसलेली ठाकरांची वाडी होती. आपण सहलीला येतो आणि चार तासांनी उतरतो. ही माणसं इथं राहतात, आणि पाऊस दोन्ही बाजूंनी त्यांची परीक्षा पाहतो, नसला की एक आणि फार झाला की दुसरी. तेव्हा पावसाळ्यात प्रशासनानं या वाटा बंद ठेवल्या, तर कुरकुर न करता घरी बसावं.

तिसऱ्या खेपेला मोत्या आमच्याबरोबर होता. जूनचा पहिला आठवडा, आदल्या रात्री वळवाची सर पडून गेलेली, आभाळ झाकलेलं. डॉक्टरांची परवानगी घेतली होती. पहाटे पाचला चढायला लागलो. उघड्या धारेच्या अलीकडेच एका आंब्याखाली बसलो, आणि साडेसातला उतरायलाही लागलो. माचीपर्यंत गेलोच नाही. मोत्यानं ओल्या मातीचा वास घेतला, शेपटी हलवली, बहाव्याच्या गळलेल्या पाकळ्यांत लोळला. पहिल्या पावसानं जमिनीतून शेवळं वर यायला लागली होती, तपकिरी-जांभळी, मोठ्या कळीसारखी. आठवड्याभरात पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडं घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो!

आता डॉक्टरांनी आणि अनुभवानं जे शिकवलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. वहीत उतरवून ठेवा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना काय तो थोडा येतो. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. आपल्या कोकणात हवा दमट, म्हणून धापेचाही उपयोग कमी होतो. त्यामुळे पारा फार चढलेला नसला तरी त्याला त्रास होतो. चपट्या नाकाचे पगसारखे कुत्रे, दाट केसांचे, लठ्ठ, म्हातारे आणि अगदी लहान पिल्लं यांना मे महिन्यात डोंगरावर नेऊच नये. त्यांच्यासाठी घरातला थंड कोपरा हेच माथेरान.

चढ पहाटे सुरू करावा आणि आठाच्या आत परतीला लागावं. निघायला उशीर झाला तर बेत रद्द करावा. डोंगर कुठं पळून जात नाही. कातळावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या अनवाणी पंजांना कसं सोसवेल?

कुत्र्याचं पाणी वेगळं घ्यावं आणि एक पसरट वाटी. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून थोडं थोडं पाजावं. वरच्या वस्तीच्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. उलट जमलं तर एखादी भरलेली बाटली जास्तच न्यावी. निघताना पोट भरून खायला घालू नये. परतल्यावर, धाप थांबली की, गार दहीभात द्यावा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा त्याला विषासारखे असतात. मुलांच्या खाऊच्या डब्यावर लक्ष ठेवावं.

धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, ओकारी येते, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत न्यावं, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवावेत, वारा घालावा. बर्फाचं पाणी ओतू नये. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्यानं उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी ओतू नये. आणि बरा झालासा वाटला तरी डॉक्टरांकडे न्यावंच, कारण आतलं दुखणं नंतर वर येतं. हे सगळं माणसांनाही लागू आहे बरं का. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच खारघरमध्ये उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं दगावली. तेव्हा मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही हाच नियम.

पट्टा सोडू नये. याच दिवसांत रातवा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. रातव्याचं घरटं म्हणजे नुसता पाचोळा. कुत्र्याच्या एका उडीत एक पिढी जाते. शिवाय वाडीतल्या कुत्र्यांशी भांडण होऊ शकतं, म्हणून रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी. गळपट्ट्यावर फोन नंबर लिहावा. घरी आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा तपासून गोचीड, काटे काढावेत. त्याची घाण पिशवीत घालून परत आणावी, आपलं प्लास्टिकही. आणि वाळल्या गवतात पेटती काडी टाकू नये. एका वणव्यात अंजनीपासून रातव्यापर्यंत सगळं जातं.

एवढे नियम वाचून तुम्हांला वाटेल, मग जायचंच कशाला? जायचं, जरूर जायचं! पहाटेच्या उजेडात फुललेली अंजनी एकदा पाहिली, की तुम्हीही दरवर्षी वाट बघाल. फक्त एक गोष्ट मनाशी धरून जायची. आपलं मूल दमलं तर रडतं, नवरा दमला तर चिडतो, आपण दमलो तर निदान स्वतःशी पुटपुटतो. कुत्रा काहीच म्हणत नाही. आपण पुढं चाललो आहोत म्हणून तो मागं येतो, पडेपर्यंत येतो. तेव्हा कुठं थांबायचं हे त्याच्यासाठी आपणच ठरवायचं असतं.

परवा गच्चीवर उभी होते. प्रबळवर ढग उतरला होता. मोत्या पायाशी येऊन बसला आणि तिकडेच बघत राहिला. धाकटी म्हणाली, “त्याला जायचंय.” म्हटलं, “जाऊ या. पण पहाटे. आणि आधी कॅन भर.”